यंत्र हातात, किल्ली कुणाकडे?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, महागाईभत्ता किंवा कामगार कायदा यांपैकी एखाद्या विषयाची असावी. आम्ही विषय कळवला तो मात्र हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी आज्ञावल्या कशा तयार होतात, याचा. चालकांनी तो मान्य केला, हा त्यांचा मोठेपणा. कामगार चळवळीतल्या माणसाने या वाटेला का जावे, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. हत्यार कुणाचे, ते दुरुस्त कोण करणार आणि ते बदलण्याचा अधिकार कुणाला, हे आमच्या चळवळीचे फार जुने प्रश्न आहेत. पूर्वी ते मागाविषयी आणि लेथविषयी विचारले जात; आज ते तळहातावरच्या यंत्राविषयी विचारावे लागतात, एवढाच फरक. आम्ही इंजिनीयर नव्हे. कॉलेजाची पायरी चढलो नाही. जे वाचले ते आपले आपण, आणि जे अडले ते या धंद्यातल्या मुलांना विचारून घेतले. म्हणून जे सांगू ते आम्हांला उमजलेल्या भाषेतच सांगू.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. कंडक्टरच्या हातातले तिकिटाचे यंत्र, दुकानातले कार्ड घासायचे यंत्र, पार्सल पोचवणाऱ्या मुलाच्या हातातले नोंदीचे यंत्र, पुस्तके वाचायची पाटी, आणि अर्थात आपला मोबाइल. या सर्वांच्या पोटात एक लहानसा संगणक बसवलेला असतो, आणि अशा पुष्कळ यंत्रांत त्या संगणकाचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली असते लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती लिहायला घेतली. अँड्रॉइडच्या मोबाइलचा गाभाही तोच. लिनक्सचे वैशिष्ट्य असे की, तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की, पुढे देताना तोच हक्क पुढच्यालाही द्यावा.

आता मूळ मजकूर म्हणजे काय? माणूस आज्ञावली लिहितो ती त्याला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती कळत नाही. यंत्राला कळतात फक्त आकडे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत हा मजकूर नेणारी जी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. आपण तिला दुभाष्या म्हणू. पण आकड्यांची भाषादेखील सर्व यंत्रांची एक नाही. टेबलावरच्या संगणकात बहुधा इंटेलच्या घराण्यातली चिप असते. हातातल्या यंत्रात बहुतेक ठिकाणी असते आर्म नावाच्या घराण्यातली. ही दुसरी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचली. पहिली चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये चालू झाली. वीज कमी खाणे हा तिचा मोठा गुण, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांत तिचे राज्य झाले. एका घराण्यासाठी केलेले भाषांतर दुसऱ्याला वाचता येत नाही.

मग हातातल्या यंत्राचे भाषांतर त्या यंत्रावरच का करू नये? याचे उत्तर सोपे आहे. घड्याळात घड्याळाचा कारखाना मावत नाही. २००२ साली जपानच्या शार्प कंपनीने झाउरस एसएल-५५०० नावाचे लिनक्सवर चालणारे यंत्र विकायला काढले. त्यात चिप २०६ मेगाहर्ट्झची, स्मृती ६४ मेगाबाइटची आणि कायमचे साठवण १६ मेगाबाइटचे. एवढ्या जागेत कंपायलर, त्याची अवजारे, वाचनालये आणि मूळ मजकूर यांची गर्दी कशी मावणार? आणि मावली तरी मोठ्या आज्ञावलीचे भाषांतर करताना यंत्राला घाम फुटणार. म्हणून काम करतात ते मोठ्या संगणकावर, आणि भाषांतर करतात ते धाकट्याच्या भाषेत. तयार माल मग यंत्रात नेऊन ठेवतात. यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

ही रीत लिनक्सपेक्षा जुनी आहे. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या अपोलो यानातल्या संगणकाची आज्ञावली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मोठ्या संगणकावर तयार होई. नंतर वॉल्थम गावच्या कारखान्यात स्त्री-कामगार ती तारेने अक्षरशः विणीत. चुंबकी मण्यातून तार गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. जिथे नकाशा आखला ते यंत्र वेगळे आणि जिथे तो चालला ते वेगळे. श्रोतेहो, अपोलोचा इतिहास सांगताना अंतराळवीरांची नावे सांगतात. विणणाऱ्या बायांची सांगत नाहीत. असो.

आता या कारखान्यात काय काय लागते ते पाहू. एक कंपायलर लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त आज्ञावल्यांची जी ग्नू नावाची चळवळ जाहीर केली, तिच्यातून १९८७ साली जीसीसी हा कंपायलर बाहेर पडला. तो निरनिराळ्या घराण्यांच्या चिपांसाठी भाषांतर करू शकतो. दुसरे, तुकडे एकत्र जोडणारा जोडारी लागतो. तिसरे, रोजच्या वापरातल्या कामांचे एक वाचनालय लागते: अक्षर छापणे, फाइल उघडणे, घड्याळ पाहणे ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून. या सर्वांना मिळून टूलचेन, म्हणजे हत्यारांची साखळी, असे नाव आहे. हिच्यात पहिलीच गाठ अशी की, वाचनालयाचे भाषांतर करायला कंपायलर हवा आणि पुरा कंपायलर बनवायला वाचनालय हवे. आधी कोंबडी की आधी अंडे! यावर तोड अशी काढली की, प्रथम अर्धामुर्धा कंपायलर बनवावा, त्याने वाचनालय बनवावे, आणि मग त्याच्या आधारे कंपायलर पुरा करावा.

येथे भल्याभल्यांचे पाय घसरतात, त्याची दोन-तीन उदाहरणे देतो. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा आधी पाच आणि मग वीस म्हणतो. इंग्रज आधी वीस म्हणतो आणि मग पाच. चिपांचेही असेच आहे. मोठी संख्या साठवताना कुणी लहान भाग आधी मांडतो, कुणी मोठा. एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचले की हिशेबाचा विचका होतो, आणि यंत्र तक्रार करीत नाही. ते चुकीचा आकडा अगदी शांतपणे दाखवते.

दुसरे उदाहरण अपूर्णांकांचे. झाउरसमधल्या चिपेत अपूर्णांकांचे गणित करणारा भागच नव्हता. दशांश चिन्ह आले की चिप अडायची आणि लिनक्सच्या गाभ्याला विचारायची. तो बिचारा ते गणित सावकाश सोडवून द्यायचा. प्रत्येक बेरजेसाठी फाइल साहेबाच्या टेबलावर पाठवावी, तसा हा कारभार. यावर उपाय म्हणजे गणिताची रीत कंपायलरने आज्ञावलीतच घालून द्यायची. पण मग सर्वच तुकडे त्याच रीतीने बनवावे लागतात. एक तुकडा उत्तर एका खणात ठेवतो आणि दुसरा ते भलत्या खणात शोधतो, असे झाले की सगळे मुसळ केरात.

तिसरी अडचण जरा गमतीची. पुष्कळ आज्ञावल्या भाषांतरापूर्वी चाचपणी करतात. एक लहानसा प्रयोग बनवून तो चालवून पाहतात आणि त्यावरून ठरवतात की, यंत्रात अमुक सोय आहे की नाही. पण क्रॉस-कंपायलिंगमध्ये प्रयोग बनतो मोठ्या संगणकावर आणि चालणार धाकट्यावर. तो येथे चालतच नाही, किंवा चाचपणी मोठ्याची होते आणि निर्णय धाकट्यावर लादला जातो. मुंबईच्या कचेरीत बसून गडचिरोलीतला पाऊस मोजण्याचाच हा प्रकार. म्हणून या धंद्यात प्रत्येक वेळी यंत्राचे नाव घेऊन सांगावे लागते: हे कुठे बनते आहे, हे कुठे चालणार आहे. आणि जे बनते आहे तो स्वतः कंपायलर असेल, तर तो कुणासाठी भाषांतर करणार, हेही. तिन्ही यंत्रे निराळी असली तर त्याला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. कारण काय, तर नाव ठेवण्याच्या वेळी कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते! आपल्याकडे नाव ठेवायचे झाले असते तर किती यंत्रे जमवावी लागली असती, याचा हिशेब आपणच करावा.

एवढी खटपट लोक कशासाठी करतात? झाउरसचेच पाहा. कंपनीने दिलेली आज्ञावली काही मालकांना पुरेशी वाटली नाही. कंपायलर खुला होता, लिनक्सचा मजकूर खुला होता. तेव्हा देशोदेशींच्या लोकांनी, एकमेकांचे तोंडही न पाहता, ओपनझाउरस नावाची निराळी आज्ञावली उभी केली. कॉम्पॅकच्या आयपॅक नावाच्या यंत्रासाठी असाच फॅमिलियर नावाचा उपक्रम चालला होता. प्रत्येक जण तीच डोकेफोड पुन्हा पुन्हा करतो आहे हे ध्यानात आल्यावर २००३ मध्ये काही जणांनी ओपनएम्बेडेड हा समाईक कारखाना काढला. त्यात प्रत्येक आज्ञावलीची एक पाककृती लिहितात; त्यांचा शब्दच तो आहे. मजकूर कुठून आणावा, त्यात कोणती दुरुस्ती करावी, त्याआधी काय शिजवून ठेवावे, आणि शेवटी ताट कसे वाढावे, हे सारे त्या पाककृतीत. एकाने लिहिली की ती जगाच्या उपयोगी. या कारखान्यावरच २०१० साली योक्टो हा उपक्रम उभा राहिला आणि आज मोठमोठ्या कंपन्या त्यातूनच आपला माल काढतात. बांधवांनो, याला आम्ही सहकार म्हणतो. साखर कारखाना काढणाऱ्या प्रदेशाला तो समजावून सांगायला नको.

आपल्या देशातही हे घडले आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विनय, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आदी प्राध्यापकांनी एन्कोर या कंपनीच्या लोकांबरोबर सिंप्युटर नावाचे हातातले यंत्र रचले. २००१ च्या एप्रिलमध्ये ते लोकांपुढे आले आणि २००४ मध्ये अमिडा या नावाने बाजारात उतरले. चिप झाउरसच्याच जातीची, कारभार लिनक्सचा. किंमत सामान्यांच्या आटोक्यात असावी, भाषा आपल्या असाव्यात, आणि एकेक कार्ड जवळ ठेवून साऱ्या गावाने एकच यंत्र वापरावे, अशी ती कल्पना. यंत्राची विक्री अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. तरी आपल्या माणसांना ते करता आले, याचे एक कारण असे की, हत्यारांच्या साखळीसाठी कुणाच्या दारात परवानगी मागायला जावे लागले नाही.

आणि आपल्या भाषेचा प्रश्न तर आहेच. देवनागरीत ऱ्हस्व इकार मनात येतो अक्षरानंतर, पण लिहायचा अक्षराच्या आधी. जोडाक्षरात अक्षरे एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढतात. हे सारे नीट मांडायला हार्फबझ नावाचे खुले वाचनालय आहे. यंत्राच्या कर्त्याने ते बसवले नाही, तर मराठी पानावर वेलांट्या मोकाट हिंडतात. कोबो नावाच्या वाचनपाट्या लिनक्सवर चालतात. त्यांच्यासाठी वाचकांनीच कोरीडर नावाची आज्ञावली केली आहे. ती क्रॉस-कंपाइल करूनच तयार होते आणि तिच्यात हार्फबझ आहे. कर्त्याला मराठीची पर्वा असो वा नसो, मराठी माणसाला आपली सोय आपण करता येते, ती अशी.

येथवरचे चित्र आनंदाचे आहे. आता दुसरी बाजू पाहू, कारण आम्ही ती सांगण्यासाठीच उभे आहोत.

लिनक्स ज्या परवान्याखाली दिली जाते तो ग्नूचा सार्वजनिक परवाना, १९९१ ची दुसरी आवृत्ती. आम्ही आयुष्यभर करारनामे वाचले. हा करारनामा आम्हांला फार आवडला. त्यात लिहिले आहे की, यंत्रभाषेतला माल देणाऱ्याने मूळ मजकूर द्यावा, आणि नुसता मजकूर नव्हे, तर भाषांतर करण्याची व बसवण्याची कृतीही द्यावी. म्हणजे धान्य देऊन चूल लपवून ठेवता येणार नाही. हा कागदी वाघ नाही. हाराल्ड वेल्टे या लिनक्सच्या एका लेखकाने दावा लावल्यावर म्युनिकच्या न्यायालयाने २००४ साली हा परवाना बंधनकारक मानला.

पण यंत्र करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. चिपेतच एक कुलूप ठेवायचे. चालू होताना यंत्र पाहते की, आत आलेल्या आज्ञावलीवर कंपनीची सही आहे काय. नसेल तर ते चालतच नाही. मजकूर हाती आहे, कंपायलर हाती आहे, भाषांतर बिनचूक झाले आहे. आणि यंत्र म्हणते, तुझे मी ऐकणार नाही. अमेरिकेतल्या टिव्हो नावाच्या दूरदर्शन-ध्वनिचित्रमुद्रण यंत्रावरून हा वाद पेटला. म्हणून २००७ च्या जूनमध्ये परवान्याची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात बसवण्याची माहिती, म्हणजे जरूर तेथे किल्लीदेखील, द्यावी असे घातले. तोरवाल्ड्स यांना ते पटले नाही. लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला.

कुलपाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कार्ड घासायच्या यंत्रात कुणीही उठून आज्ञावली बदलू लागला, तर ग्राहकाचा पैसा सुरक्षित राहणार नाही. हे खरेच आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. आमचे म्हणणे कुलपाविरुद्ध नाही. घराला कुलूप असावेच. पण त्याची किल्ली घर बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे असू नये.

आता कामगारांच्या दृष्टीने खरी मेख. परवान्याचा हक्क मिळतो तो ज्याला माल दिला त्याला. तिकिटाचे यंत्र कंडक्टरला दिले जात नाही; ते मालकाला विकले जाते आणि मालक ते कंडक्टरच्या हाती ठेवतो. परवान्याच्या भाषेत एका संस्थेने आपल्याच घरात माल वापरणे हे वाटणे नव्हे. तिसरी आवृत्ती किल्ली देते तीही घरगुती वापराच्या वस्तूंना. धंद्याच्या यंत्रांना नाही. म्हणजे ज्याच्या हातात यंत्र दिवसाचे आठ-दहा तास आहे, त्याचाच हक्क दोन्ही कागदांत नाही. आपल्याकडे म्हणतात, ज्याच्या हाती ससा तो पारधी. येथे ससा एकाच्या हाती आणि पारधी दुसराच!

याचे परिणाम लहान नाहीत. यंत्र हिशेब करते आणि तूट निघाली तर ती हातात यंत्र असलेल्या माणसाच्या पगारातून वळती करण्याचा मोह मालकाला होतो. यंत्र वेळ मोजते, वाट मोजते, थांबणे मोजते. मघाशी आपण पाहिले की, अपूर्णांकाची रीत किंवा आकड्यांचा क्रम चुकला तर यंत्र तक्रार न करता चुकीचा आकडा दाखवते. तो आकडा बरोबर आहे हे कुणी तपासायचे? आणि रातोरात दुरून नवी आज्ञावली येऊन यंत्राची रीत बदलली, तर ती कामाच्या अटीतली फेरफार नव्हे काय? आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली एक कलम घातले गेले होते. ठरावीक बाबतींत कामाच्या अटी बदलण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी असे ते कलम. ज्यांनी ते घातले त्यांच्यापुढे माग आणि पाळ्या होत्या. तत्त्व मात्र तेच राहते.

म्हणून आमचे सांगणे असे. परवाना जेथे संपतो तेथे संघटना सुरू होते. कामगारांच्या करारात यापुढे यंत्राविषयी चार कलमे असावीत. यंत्र काय काय नोंदते, याची यादी लेखी मिळावी. त्यातल्या खुल्या आज्ञावल्यांचा मजकूर, पाककृतीसकट, कामगारांच्या प्रतिनिधीला पाहायला मिळावा. रीत बदलण्यापूर्वी नोटीस मिळावी. आणि यंत्राच्या आकड्यावरून कुणाची कपात करण्यापूर्वी तो आकडा तिसऱ्या, निःपक्षपाती तज्ज्ञाकडून तपासला जावा. यांत कुणाचा पैसा बुडत नाही, कुणाची सुरक्षितता धोक्यात येत नाही.

पण मजकूर मागून घेतला आणि तो वाचणारा आपल्यात कुणी नसला, तर काय उपयोग? म्हणून शेवटची विनंती सभेला आलेल्या तरुणांना. आपल्या घरात एखादी जुनी वाचनपाटी किंवा मोबाइल धूळ खात पडला असेल. कंपायलर फुकट आहे, पाककृती खुल्या आहेत. त्या यंत्राला कुलूप नसेल तर त्यासाठी एक लहानशी आज्ञावली आपल्या संगणकावर तयार करून पाहा. पडद्यावर आपले नाव देवनागरीत उमटवण्यापुरती असली तरी चालेल. आणि कुलूप असले तर तेही समजून घ्या. कुणी, कशासाठी घातले ते विचारा. आमच्या पिढीने कारखान्याच्या हिशेबाच्या वह्या वाचायला शिकून घेतले, तेव्हा कुठे बोनसच्या वाटाघाटीत मालकाशी समोरासमोर बसता आले. तुमच्या पिढीच्या वह्या या यंत्रांच्या पोटात आहेत. त्या तुम्हांला वाचता आल्या पाहिजेत.